खाणकचऱ्याची परीक्षा: गंधकाच्या हिशेबापासून खनिजाच्या ओळखीपर्यंत

खडकातला कामाचा धातू काढून घेतला की मागे उरतात टाकाऊ दगडांचे ढीग आणि दळून झालेला बारीक गाळ. त्यात शिसे किती, आर्सेनिक किती, हे प्रयोगशाळा नेमके सांगते. पण आकडा मोठा म्हणून धोका मोठा, हा सरळ हिशेब खाणकचऱ्याने अनेकदा चुकवला आहे. त्याच्या चाचण्यांचा इतिहास बराचसा या फसगतीचाच आहे.

धातुक धुतलेल्या पाण्याने मासे मरतात, ही तक्रार खाणविद्येवर लिहिणाऱ्या जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोलाने १५५६ साली नोंदवली होती. पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज हवा-पाण्यात उघडे पडले की गंधकाम्ल तयार होते. ते इतक्या झपाट्याने का होते, हे कळायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. १९४७ मध्ये कोल्मर आणि हिंकल यांना कोळसा खाणीच्या आम्लधर्मी पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करणारा जीवाणू सापडला. असे जीवाणू या साखळीतला सर्वांत संथ टप्पा दहा लाख पटींनी वेगवान करतात, हे सिंगर आणि स्टम यांनी १९७० मध्ये दाखवले. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत तर पाण्याचा सामू (जितका कमी, तितके पाणी अधिक आम्लधर्मी) उणे ३.६ भरला.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कोळसा पट्ट्यात आम्ल-अल्कली ताळेबंद रूढ झाला. नमुन्यातल्या गंधकाच्या टक्केवारीला ३१.२५ ने गुणायचे. त्यातून होणारे आम्ल मारायला दर टन कचऱ्यामागे किती किलो चुनखडी लागेल ते कळते. मग नमुना आम्लात तापवून तो स्वतः किती आम्ल पचवतो ते पाहायचे आणि वजाबाकी करायची. स्वस्त आणि झटपट. पण जिप्समातला गंधक आम्ल करत नाही, तरी या हिशेबात तोही धरला जातो. सिडेराइट हे लोहाचे कार्बोनेट खनिज त्याहून बिलंदर: चाचणीत आम्ल पचवल्याचे दाखवते आणि सुटलेले लोह पुढे ऑक्सिडीकरण होऊन तितकेच आम्ल परत करते. त्यावर उतारा म्हणून, लोहाचे ऑक्सिडीकरण चाचणीतच उरकावे यासाठी, हायड्रोजन पेरॉक्साइड आले.

वजाबाकीत काळ नसतो; आम्ल किती वेगाने होईल ते ती सांगत नाही. त्यासाठी आर्द्रता-कक्ष: तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट, सातव्या दिवशी पाण्याने धुणे, असे किमान २० आठवडे. संथ नमुन्यांना तेवढेही पुरत नाही.

अमेरिकेची १९९० ची विषारी पाझराची चाचणी अ‍ॅसिटिक आम्ल वापरते, कारण ती शहरी कचऱ्याचे कुजणे डोळ्यांसमोर ठेवून बेतली होती. खाणीच्या ढिगात कुजायला असते काय! १९७९ मध्ये टेसिए आणि सहकाऱ्यांनी एकाहून एक जहाल द्रावणे वापरून धातू टप्प्याटप्प्याने सोडवण्याची रीत मांडली. पण द्रावण खनिजांच्या हद्दी पाळत नाही, आणि सुटलेला धातू दुसऱ्याच कणावर जाऊन बसतो.

म्हणून कण प्रत्यक्ष पाहणे आले. क्ष-किरण विवर्तनाने स्फटिक ओळखता येतात, मात्र एखाद्या टक्क्याहून कमी असलेले खनिज सहसा निसटते. स्फटिकरूप न घेतलेला लोहाचा गंज तर ठळक खूणच देत नाही, आणि आर्सेनिक बरेचदा तिथेच चिकटलेले असते. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

शिशाचे उदाहरण बोलके आहे. गॅलिना या शिसे-गंधकाच्या खनिजातले शिसे पोटातल्या आम्लात सावकाश विरघळते, सेरुसाइट या शिशाच्या कार्बोनेटमधले चटकन. एकूण आकडा दोन्हीकडे सारखाच येऊ शकतो. शिवाय उघड्या ढिगात गॅलिनाचेच हळूहळू अँग्लेसाइट (शिशाचे सल्फेट) आणि सेरुसाइट होत जाते. जुन्या ढिगाच्या अहवालात म्हणून मी आधी पाहतो ते एवढेच: नमुना वरच्या थरातला आहे की आतला.