‘जाणवले नाही’ आणि ‘लक्षात आले नाही’

रोजच्या बोलण्यात ही दोन वाक्ये आपण एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो. पुस्तकात डोके खुपसून बसलेल्या मुलाला आई स्वयंपाकघरातून विचारते, ‘कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या रे?’, आणि एकही शिट्टी मोजलेली नसताना तो ‘तीन’ असे बरोबर सांगून स्वतःच चकित होतो. शिट्ट्या त्याच्या लक्षात आल्या नव्हत्या हे उघड आहे. पण त्या त्याला ऐकूच आल्या नव्हत्या, असे म्हणता येईल का?

खरोखर न जाणवणे कसे असते, हे ‘डी. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश रुग्णाने दाखवले. शस्त्रक्रियेत मेंदूच्या उजव्या बाजूचा दृष्टिविषयक भाग काढल्यावर डावीकडचे आपल्याला दिसत नाही, असे तो सांगे. तरीही १९७४ साली लॉरेन्स वाइसक्रान्त्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तिथल्या प्रकाशाच्या ठिपक्याकडे तो बऱ्यापैकी अचूक बोट दाखवू शकला, आणि आपण केवळ अंदाज करतो आहोत असेच त्याला वाटत राहिले. त्याचे लक्ष तिकडेच होते, अनुभव मात्र नव्हता. मुलाचे नेमके उलटे असावे.

‘असावे’ म्हणण्याला आधार आहे तो जॉर्ज स्पर्लिंग यांच्या १९६० च्या प्रयोगाचा. तीन ओळींत मांडलेली बारा अक्षरे सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखवली, तर लोकांना चार-पाचच सांगता येत. पण अक्षरे नाहीशी होताच सूर वाजवून कोणतीही एक ओळ विचारली, तर तिच्यातली बहुतेक येत. म्हणजे सांगता आले त्याहून अधिक काही क्षणभर हाताशी होते. ते अनुभवातच होते, असे तत्त्वज्ञ नेड ब्लॉक मानतात.

आक्षेप असा की अनुभव नंतर विचारल्यामुळेच घडला असेल. २०१३ साली क्लेअर सर्जां आणि सहकाऱ्यांना आढळले की पुसट आकृती नाहीशी झाल्यावर ०.४ सेकंदांनी तिच्या जागेकडे लक्ष वेधले, तरी ती दिसल्याचे प्रमाण वाढते. हा आक्षेप स्पर्लिंग यांच्या अक्षरांना चांगलाच लागू पडतो. कुकरच्या पहिल्या शिट्टीला मात्र तोवर काही मिनिटे उलटून गेलेली असतात. ‘तीन’ हा आकडा सवयीनेही तोंडात येतो, हे मान्य. पण ‘दुसरी अर्धवटच झाली’ असेही तो मुलगा सांगू शकला, तर त्याने ती ऐकली होती, असेच मी म्हणेन.