तान्ह्या पोळ्याचा नंदी : चाकांवरच्या लाकडी बैलाची पार्श्वभूमी

श्रावण अमावास्येला शेतकऱ्याचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला पोरांचा तान्हा पोळा. त्या दिवशी नागपुरात मुले लाकडी नंदीला झूल, मठाट्या, घुंगरमाळा घालून चौकात आणतात. तोरणाखालची पूजा आटोपली की दोरीने नंदी ओढत घरोघर बोजारा (खाऊ, पैसे) मागायला निघतात. पोळ्याच्या आधी महाल, इतवारीकडे नंदींची दुकाने लागतात. वीतभर उंचीच्या नंदीपासून पोराला वर बसवता येईल एवढ्या नंदीपर्यंत सगळे तिथे मांडलेले असते.

पश्चिम महाराष्ट्रात ज्याच्या दारी जनावर नाही तो बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल आणतो, पुजतो आणि त्यांचे काम तिथेच संपते. मातीच्या बैलाला चालायचे नसते. विदर्भातला नंदी मात्र मिरवणुकीचे जनावर आहे. त्याला खडबडीत रस्त्यावरून, पावसाच्या दिवसांत, पोराच्या हाताने चार गल्ल्या फिरायच्या असतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहायचे असते. लाकूड, पाट, आस, चाके हे सगळे या एका गरजेतून आले आहे. सागवानाची जंगले जवळ असल्याने लाकडाची वाण नव्हती, हेही खरे.

तान्ह्या पोळ्याचे श्रेय नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले (कारकीर्द १७८८ ते १८१६) यांना देण्याची परंपरा आहे. मुलांनाही बैलाचे मोल कळावे म्हणून त्यांनी लाकडी बैलांचा पोळा भरवला, असे सांगतात. राजाश्रयामुळे सणाला सार्वजनिक रूप आले, हे पटण्यासारखे आहे. पण चाकांचा बैलही राजवाड्यातच जन्मला असे मानायचे, तर छत्तीसगड आडवे येते. तिथे पोरा सणाला मुले ‘नांदिया बैला’ फिरवतात. तो बहुधा मातीचा, कधी लाकडाचा, आणि त्याला चार चाके असतात. मुलींच्या वाट्याला मातीचे जाते आणि चूलबोळकी येतात. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होते, तेव्हा नागपूरची रीत तिकडे गेली असे म्हणता येईल. उलटही म्हणता येईल, आणि ते जास्त संभवते : गावोगावची पोरे आधीपासून जे खेळत होती, त्याला राजधानीत मान मिळाला.

चाकांवरचे जनावर आपल्याकडे फार जुने आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या हजारो वर्षे जुन्या वस्तीच्या जागी १९७४ मध्ये चार भरीव ब्राँझ वस्तू सापडल्या : बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथाला तर चाके आहेतच, पण रेडा आणि गेंडाही चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या खाली पाट आहे आणि पाटाला आस घालायची कडी आहेत. वर जनावर, खाली आस, टोकांना चाके, ही मांडणी नागपूरच्या नंदीतही तशीच दिसते. दोघांना एका वंशावळीत बसवायचा मोह मात्र टाळलेला बरा. ओढायचे जनावर करायला बसलेला कुठलाही कारागीर शेवटी इथेच येऊन पोहोचेल.

आता घडणीकडे. नंदी तुटतो तो पायात. याचे कारण लाकडाच्या रेषेत, म्हणजे तंतूंच्या दिशेत आहे. एकाच ठोकळ्यातून अख्खा बैल कोरला आणि रेषा अंगाच्या लांबीने धावत असली, तर पायात ती आडवी येते आणि पाय गुडघ्याशी बिस्किटासारखा मोडतो. रेषा उभी धरली तर पाय टिकतात, पण तोंड आणि शेपूट जाते. म्हणून चांगल्या नंदीचे धड वेगळे आणि पाय वेगळे असतात, आणि प्रत्येक तुकड्यात रेषा त्याच्या लांबीने धावते. शिंगेही वेगळी करून डोक्यात भोके पाडून बसवायची. विकत घेताना नंदी उलटा धरून पायांचे जोड पाहावेत. रंगाच्या थरावरून लाकडाची काहीच खात्री देता येत नाही.

वशिंडापर्यंत ८ इंच उंच नंदी करायचा तर धडाला ८ इंच लांब, ४ इंच उंच, ३ इंच रुंद ठोकळा लागतो. मान आणि डोके वेगळ्या तुकड्यातून काढून जोडावे. वशिंड धडातच राखावे, कारण मागाहून चिकटवलेले वशिंड सगळ्यांत आधी निघते. पायांना १ इंच जाडीचे, ५ इंच लांबीचे चार तुकडे घ्यावेत. प्रत्येकाच्या वरच्या १ इंचाला अर्धा इंच जाडीचा कुसू (भोकात बसणारे टोक) काढून तो धडातल्या भोकात सरसाने किंवा फेव्हिकॉलने पक्का करावा. कुसू पूर्ण सुकलेल्या लाकडाचा हवा. ओल्या लाकडाचा कुसू नंतर आकसतो आणि दिवाळीपर्यंत पाय डुगडुगू लागतो. सुका कुसू पावसाळी हवेत थोडा फुगून उलट जास्त आवळतो.

पाट १० इंच लांब, ५ इंच रुंद, १ इंच जाड. पाय त्यावर खालून स्क्रू मारून बसवावेत, आणि स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर पाय उभा फाटतो. पाटाच्या रुंदीत काटकसर करू नये. दोन चाकांतले अंतर एकूण उंचीच्या निम्म्याहून कमी झाले की नंदी वळणावर आडवा होतो. ओढायची दोरी मानेला बांधू नये. पाटाच्या पुढच्या कडेला कडी मारून तिला बांधावी, म्हणजे ओढ खाली लागते आणि दगडाला अडखळला तरी नंदी तोंडावर पडत नाही. मानेतला कासरा शोभेपुरता.

सगळ्यांत फसवे काम चाकांचे. फांदीच्या गोल चकत्या कापल्या की आयती चाके मिळतात, आणि हौशी माणूस हमखास तिथेच अडकतो. लाकूड सुकताना वर्तुळाच्या दिशेने जितके आकसते, ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट असते. त्यामुळे गाभ्याभोवतीच्या अख्ख्या चकतीला परिघापासून मधापर्यंत चीर पडतेच. रंग, तेल, मेण काहीही लावा, ती पडायला उशीर होईल इतकेच. चाक फळीतून कापावे : अडीच इंच व्यास, पाऊण इंच जाडी. आसाला ६ मिलिमीटरची लोखंडी सळई घ्यावी आणि चाकाला ७ मिलिमीटरचे भोक पाडावे. भोक नेमके आसाएवढे ठेवले तर चाक फिरायच्या ऐवजी घसटत जाते, म्हणून तो एक मिलिमीटर मुद्दाम सोडायचा. आसावर तेल घालू नये, त्यावर धूळ बसून चिकट राड होते. मेणबत्ती घासली की पुरते.

लाकूड सागवान असेल तर उत्तमच, पण पूर्ण गाभ्याचे. कडेचे फिकट, कच्चे लाकूड किड्याला आवडते. वर्षभर माळ्यावर ठेवलेल्या नंदीखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसते ती त्यामुळेच. नवे लाकूड आणण्यापेक्षा आरा मशीनवरून दार-खिडक्यांच्या चौकटींचे उरलेले तुकडे आणावेत. ते बरेचदा सुकलेले असतात आणि या मापाला पुरतात. आडजात लाकडाचा नंदी स्वस्त पडतो. ते लाकूड वाईट नसते, पण घाईच्या दिवसांत ओलेच कोरले जाते, आणि मग भेगा लांबीने (पुट्टीने) भरून वर रंगाचा जाड हात दिला जातो. नखाने टिचकी मारली तर भरलेल्या जागेचा आवाज बद्द येतो.

रंगाआधी पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग लांबी, पुन्हा पॉलिश पेपर आणि शेवटी ऑइल पेंटचे दोन पातळ हात. पावसाळी हवेत दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. एका दिवसात उरकलेला रंग वरून सुकतो, आत मऊ राहतो, आणि झुलीचा दोरा त्यात रुतून बसतो. शिंगांना बेगड लावायची तर रंग अगदी कोरडा झाल्यावर.

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) येथे तान्ह्या पोळ्याला माणसाहून उंच नंदी निघतात. त्या मापाला वरचे हिशेब चालत नाहीत. तिथे पाटाचा गाडा होतो आणि ओढायला माणसे लागतात.

नागपुरात त्याच दिवशी मारबत-बडग्यांचीही मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे मानतात. बांबूच्या सांगाड्यावर कागद-कापड चढवून केलेल्या या आकृत्या ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. जोड कच्चा राहिला तरी मारबतीचे काही बिघडत नाही, तिला एका दिवसापुरते उभे राहायचे असते. नंदीला ती सवलत नाही.

सण संपला की झूल आणि माळा काढून नंदी कोरड्या फडक्याने पुसावा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर आतली दमट हवा आतच कोंडते, आणि रंगाला फुगे येतात ते बहुधा याचमुळे. जुन्या घरांतून निघालेल्या नंदीचे एखादे चाक वेगळ्या लाकडाचे दिसले, तर तो दोष समजून भाव पाडू नये. धड-पायांचे जोड पक्के असतील, तर चाके दोनदा बदललेला नंदीसुद्धा नव्यापेक्षा भरवशाचा.