ससा केस टाकतोय की त्याला खरूज झाली?

होळी झाली की आमच्याकडे ससे केस टाकायला लागतात. पिंजऱ्याच्या जाळीला पांढरे झुपके, बाजेखाली झुपके, वाळत घातलेल्या कुरड्यांवरसुद्धा एखाददुसरा. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाहिलं अन् तिथूनच निकाल दिला, "खरूज होय ते, भाऊ. दवाई लाव." मी लगेच तालुक्याला जाऊन बैलांच्या गोचिडावरचं औषध घेऊन आलो. झाकण उघडायच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायची बुद्धी झाली, म्हणून ससा वाचला. त्यांनी एवढंच विचारलं, "केस बाजूला करून कातडी पाहिली का?"

पाहिली नव्हती. दुरून दोन्ही सारखंच दिसतं, केस जातात अन् ससा विस्कटलेला दिसतो. फरक कळतो तो कातडीवर.

ससा उजेडात मांडीवर घ्या अन् केसांवर उलट्या दिशेनं हळूच फुंकर मारा. खाली कातडी स्वच्छ, गुलाबीसर अन् तिच्यावर नव्या केसांची बारीक लव दिसली, तर तो नुसता केस बदलतोय. हे साधारण डोक्या-मानेपासून सुरू होऊन मागं सरकत जातं. कधीकधी अंगावर जुन्या अन् नव्या केसांची सीमारेषाच दिसते, अर्धवट निंदलेल्या वावरासारखी. ससा खातो, उड्या मारतो, फार खाजवत नाही.

खरजेची सुरुवात बहुतेक वेळा नाक, ओठ, कानांच्या कडा अन् पायाच्या बोटांपासून होते. तिथं करड्या-पांढऱ्या खपल्या धरतात. ससा सारखा खाजवतो, पुढं पुढं खाणं सोडतो, वाळत जातो. खरूज बारीक किड्यांमुळे होते, पण कानातली खरूज वेगळ्या किड्याची. तिच्यात ससा डोकं झटकत राहतो अन् कानाच्या आत तपकिरी पापुद्रे साचतात. ते नखानं ओरबाडून काढू नका, खाली कातडी सोललेली असते. पाठीवर कोंडा असेल अन् तो हलल्यासारखा वाटला, तर तोही किडाच. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर नायटा असू शकतो. खरूज काय अन् नायटा काय, माणसालाही लागतो. म्हणून लेकरांच्या हातावर, पोटावर पुरळ उठलं का, तेही पाहून घ्या.

सशीण छातीचे अन् पोटाचे केस स्वतःच उपटत असेल, तर ती बहुधा पिलांसाठी घरटं करते आहे. गाभणपण 31 दिवसांच्या आसपास असतं, तारीख मोजून पाहा.

नुसते केस बदलत असतील तर काम फणीचं. दोन-तीन आठवडे रोज, एरवी आठवड्यातून एकदा. सशाची कातडी कागदासारखी पातळ, म्हणून मऊ दातांची फणी घ्या. गुंता ओढू नका, बोटांनी सोडवा. हात किंचित ओले करून पाठीवरून फिरवले तरी सुटे केस हाताला चिकटून येतात, मला तर हेच सोयीचं वाटतं. एवढी मेहनत कशाला? ससा स्वतःला चाटतो, केस पोटात जातात अन् त्याला उलटी करता येत नाही. केस पुढं ढकलायचे तर पोट चालतं राहिलं पाहिजे. त्यासाठी वाळलेलं गवत दिवसभर पुढ्यात हवं, पाणीही भरपूर. लेंड्या केसात ओवलेल्या माळेसारख्या पडल्या तर गवत वाढवा. लेंड्या बारीक होऊन बंद पडल्या अन् ससा अर्धा दिवस तोंड लावेना, तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

खरूज असेल तर घरगुती काहीच करू नका. जळकं ऑइल, रॉकेल, करंजीचं तेल, जे लावाल ते ससा चाटणार. कुत्र्याच्या पिसवांवर मानेवर सोडायचे थेंब येतात, त्यातलं फिप्रोनिल सशाला मारू शकतं. डॉक्टर वजन करून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. त्यानं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दहा-चौदा दिवसांनी दुसरा डोस लागतो. खपल्या गळाल्या की लोक नेमका तोच चुकवतात अन् महिन्याभरात खरूज परत. सोबतच्या सगळ्या सशांना औषध द्यावं लागतं. खालचं कुटार जाळायचं, पिंजरा उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकायचा.

आंघोळ मात्र दोन्हीत नाही. पाण्यात बुडवलेला ससा इतका घाबरतो की धक्क्यानं मरू शकतो, पाय झाडताना पाठीचा कणाही मोडून घेतो. मागची बाजू घाणीनं माखली असेल तर तेवढीच कोमट ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. पावसाळ्यात हे रोज पाहा. माशी तिथं अंडी घालते अन् दिवसभरात आळ्या पडतात. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की पाणी ओतायचा मोह होतोच, पण त्यापेक्षा पिंजऱ्यावर ओलं पोतं टाका अन् कानांवरून ओला हात फिरवा. सशाच्या अंगातली बरीच उष्णता कानांतून बाहेर पडते.

डॉक्टरांकडं न्यायचं तर सकाळी सहाच्या एसटीनं, टोपल्यात गवत घालून, वरून ओलसर फडकं बांधून. दुपारच्या गाडीनं नेलेला ससा दवाखान्यापर्यंत जिवंत पोचेलच असं नाही.