अवक्षेपकणांचे स्थूलीकरण आणि घनफळ-अंश

मिश्रधातूत घन अवस्थेतच वेगळे झालेले सूक्ष्म कण (अवक्षेप) जास्त तापमानात दीर्घकाळ राहिले, की लहान कण विरघळतात आणि मोठे कण त्यांच्या जिवावर वाढतात. अवक्षेपाचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहते. कणांची संख्या घटते आणि सरासरी त्रिज्या वाढते. यालाच स्थूलीकरण किंवा ओस्टवाल्ड पक्वन म्हणतात. धातूच्या एकूण घनफळापैकी कणांनी व्यापलेला वाटा म्हणजे घनफळ-अंश. तो वाढला, की स्थूलीकरणाचा वेग सहसा वाढतो.

लहान कणाची वक्रता जास्त असल्याने त्याच्याभोवती विरघळलेल्या मूलद्रव्याची संहती जास्त असते. तेथून अणू विसरणाने मोठ्या कणाकडे जातात. १९६१ मध्ये लिफ्शिट्झ व स्ल्योझोव्ह यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे वाग्नर यांनी, याचे गणित मांडले: सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या सम प्रमाणात वाढतो आणि सरासरीच्या दीडपटीहून मोठा कण उरत नाही. मात्र या गणितात कण एकमेकांपासून अतिशय दूर, म्हणजे घनफळ-अंश शून्याजवळ मानलेला आहे. प्रत्यक्षातला कोणताही उपयुक्त मिश्रधातू असा नसतो.

रावेर-यावलकडे केळीची लागवड फार दाट झाली तर खोडे बारीक राहतात. अवक्षेपांत याच्या उलट घडते. शेजारी जवळ आले, की अणूंना जायचे अंतर कमी होते, संहतीचा उतार तीव्र होतो आणि देवाणघेवाण वेगाने होते. आर्डेल यांनी १९७२ मध्ये हा परिणाम सिद्धांतात आणला. पुढे १९८४ च्या सुमारास मार्क्वसी व रॉस, तसेच व्होर्हीस व ग्लिक्समन यांनी तो अधिक काटेकोर केला. त्रिज्येच्या घनाचा नियम टिकतो. बदलतो तो वेगाचा गुणांक. कणांच्या आकारांचे वितरणही अधिक रुंद आणि अधिक सममित होते. कमी अंशात दुरुस्ती अंशाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, हे फार महत्त्वाचे आहे: २ टक्के अंशाचे वर्गमूळ सुमारे ०.१४ येते, त्यामुळे ‘कण थोडेच आहेत’ म्हणून परिणाम सोडून देता येत नाही.

खानदेशात हा विषय थेट भिडतो तो भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी. तेथे ५०० मेगावॉटचे संच आहेत. अशा संचांत वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसला असते आणि तिच्या नळ्यांसाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद वापरतात. त्याची ताकद बऱ्याच अंशी बारीक कार्बाइडांवर (धातू व कार्बनच्या संयुगांचे अवक्षेप) असते. ते स्थूल झाले, की कणांमधले अंतर वाढते, विस्थापनांना (स्फटिकातल्या सरकणाऱ्या दोषरेषांना) वाट मिळते आणि नळी हळूहळू ताणली जाते. म्हणून बंद संचाच्या तपासणीत नळीचा पृष्ठभाग पॉलिश करून त्याची रेप्लिका (पातळ पट्टीवरचा ठसा) घेतात व कार्बाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा उन्हाळा मात्र या पोलादाला काहीच करत नाही. एवढ्या तापमानात त्यातले विसरण नगण्य असते. पोलादात कार्बाइडे स्फटिकांमधल्या सीमांवरही बसतात आणि तेथे विसरणाची वाट वेगळी असल्याने वरचे गणित जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

निकेलच्या अतिमिश्रधातूंत, विशेषतः वायू टर्बाइनच्या पात्यांत, गॅमा-प्राइम (निकेल-ॲल्युमिनियम संयुगाच्या) कणांचा अंश ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जातो. तेथे कण घनाकृती होतात, एकमेकांना ताण देतात, आणि विरल मिश्रधातूचे सूत्र पुरत नाही.

प्रयोगात मोठी अडचण गुरुत्वाकर्षणाची. शिसे-कथील मिश्रणात द्रवात तरंगणारे कथिलाचे कण वर येतात, म्हणून १९९७ मध्ये कोलंबिया अंतराळयानात हे प्रयोग झाले. निकेल-ॲल्युमिनियममध्ये तर कमी अंशाला गॅमा-प्राइमच्या स्थूलीकरणाचा वेग अंश वाढताना घटलेला आढळला. यावर आर्डेल व ओझोलिन्श यांनी २००५ मध्ये वेगळा सिद्धांत सुचवला: वेग ठरतो तो कणाभोवतीच्या धूसर सीमेतून होणाऱ्या विसरणाने, आणि तेथे त्रिज्येचा घन नव्हे तर वर्ग आणि घन यांच्या दरम्यानचा घात काळाच्या सम प्रमाणात वाढतो.