जुनी दरड, नवा बोगदा

थळ घाट चढून रेल्वे १८६५ साली इगतपुरीला पोचली. ५ जून २०२५ रोजी त्याच डोंगररांगेतला समृद्धी महामार्गाचा पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा खुला झाला. घाट म्हटलं की नाशिककरांना पावसात सुटणारे धोंडे आठवतात. पण बोगदा खणणाऱ्याला खरी धास्ती असते ती कधीकाळी कोसळून, वर झाडी उगवून शांत पडलेल्या जुन्या दरडीची.

आपला काळा पाषाण मजबूत, तरी त्याच्या थरांमधला लाल गेरू पाणी लागताच मऊ पडतो. जुन्या दरडीचं दुखणं याहून खोल. माती ज्या पृष्ठावरून एकदा घसरली, तिथली चिकणमाती घासून गुळगुळीत झालेली असते आणि गेलेला जोर सहसा परत येत नाही. ब्रिटिश मृदा-अभियंते स्केम्प्टन यांनी १९६४ मध्ये लंडनच्या व्याख्यानात हे सविस्तर मांडलं. अशा उताराच्या पायथ्याशी बोगद्याचं तोंड पाडलं की आधारच निघतो. आत पाण्याची शीर फुटली, तर झरे आटतात आणि वरची जमीन बसू लागते. उत्तराखंडातलं जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, हे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावलं होतं. २००९ मध्ये जवळच्या जलविद्युत बोगद्यात पाण्याचा मोठा लोंढा फुटला. २०२३ च्या जानेवारीत घरांना भेगा पडून माणसं बाहेर पडली. या दोहोंचा संबंध किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

पूर्वी उतारावर ओळीत खुंट्या ठोकून त्या दुर्बिणीने पाहत, भेगेवर काचेची पट्टी चिकटवत. पट्टी तडकली की समजायचं. पण घसरण किती खोलवर आहे, हे त्यातून कळत नसे. गेल्या शतकाच्या मध्याला कलमापक आला. विंधन छिद्रात खाचांची नळी बसवायची, चाकांचा दांडा तळापर्यंत सोडायचा, मग केबल ओढत दर अर्ध्या मीटरला थांबून कल नोंदवायचा. दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या नोंदींच्या रेघा एकावर एक ठेवल्या की ज्या खोलीवर रेघ अचानक मोडते, तिथे डोंगर सरकतो आहे.

उतार किती सरकला, यापेक्षा सरकण्याचा वेग वाढतोय का, हे मला जास्त मोलाचं वाटतं. जपानचे संशोधक साइतो यांनी हाच धागा धरला. १९७० मध्ये ताकाबायामा इथे रेल्वेच्या बोगद्यावर दरड आली. तिची वेळ त्यांनी वेगाच्या नोंदींवरून आधीच वर्तवली होती. १९८५ मध्ये तिथल्याच फुकुझोनो यांनी रीत सोपी केली: वेगाचा व्यस्त अंक (एक भागिले वेग) आलेखावर मांडायचा आणि रेघ शून्याकडे कधी पोचते ते पाहायचं; तीच कोसळण्याची अंदाजे वेळ.

म्हणून नोंदी बोगद्याला सुरुंग लागण्याआधी, निदान एक पावसाळा अगोदर सुरू व्हायला हव्यात. डोंगराची नेहमीची चाल ठाऊक नसेल, तर बिघडलेली चाल ओळखणार कशी?

माळीणच्या दरड-दुर्घटनेला ११ वर्षं झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२५ ला, भारत-अमेरिकेचा निसार हा रडार उपग्रह झेपावला. तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून जमिनीची हालचाल टिपतो. मधल्या मुसळधार रात्रींसाठी उतारावरची कलमापकाची नळी आणि ती वाचणारा माणूसच हवा.