प्राथमिक शाळेतील मराठी व्याकरणशिक्षण

पहिली ते पाचवीच्या मुलांना शब्दांच्या जाती, लिंग, वचन, विभक्तिप्रत्यय, काळ, वाक्यरचना, विरामचिन्हे आणि लेखनाचे नियम यांची पहिली ओळख करून देणे, म्हणजे प्राथमिक स्तरावरील व्याकरणशिक्षण. महाराष्ट्रात या वयासाठी व्याकरणाचे स्वतंत्र पुस्तक नेमलेले नसते. पाठाखालच्या स्वाध्यायातून आणि शिक्षकाच्या फळ्यावरून ते शिकवले जाते. पहिली-दुसरीत भर अक्षरओळख, बाराखडी, जोडाक्षरे आणि वाचन यांवर असतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही नावे मुलांच्या कानावर साधारण तिसरी-चौथीपासून पडू लागतात. प्रयोग, समास, वृत्ते हा भाग वरच्या इयत्तांचा.

पूर्वपीठिका

पंतोजींच्या शाळेत मराठीचे व्याकरण शिकवत नसत. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडीचे वळण, पाढे, हिशेब आणि पत्रांचे मायने एवढ्यावर काम भागे. व्याकरण हा संस्कृत पाठशाळेचा विषय होता आणि तिथे शब्दांची रूपे पाठ केली जात. इंग्रज मिशनरी विल्यम केरीने १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचे छापील व्याकरण काढले, पण ते परकीयांना मराठी शिकता यावी म्हणून. मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या, तेव्हा मराठी मुलांना मराठीचेच व्याकरण शिकवण्याची गरज प्रथम पुढे आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी लहान मुलांसाठी ‘बालव्याकरण’ लिहिले. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे शाळेच्या पुस्तकांतून मराठीत रुळली, त्यात मराठी पाठ्यपुस्तकांचे काम पाहणाऱ्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा वाटा मोठा.

त्या काळात बसलेली घडी आजही फारशी मोडलेली नाही. प्राचीन काळी ‘निरुक्त’ लिहिणाऱ्या यास्काने संस्कृत पदांचे चार वर्ग मानले होते : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आपल्याकडे शिकवल्या जाणाऱ्या आठ शब्दजाती इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर आल्या, तर प्रथमा ते संबोधन ही आठ विभक्तींची चौकट संस्कृतातून आली. मुले ‘स, ला, ते – स, ला, ना, ते’ असे एका सुरात म्हणतात, तेव्हा द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच कसे, हा प्रश्न एखादे चौकस मूल विचारतेच. संस्कृतात ही रूपे वेगळी असतात. मराठीत ती एक झाली, पण रकाने दोन राहिले, हे त्याचे खरे उत्तर. वर्गात ते क्वचितच मिळते. उलट प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणारा बदल, म्हणजे सामान्यरूप, हे मराठीचे ठळक लक्षण या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. त्यामुळे अभ्यासातही ते कोपऱ्यात पडते, जरी मूल बोलताना ते वाक्यागणिक वापरत असते.

मूल काय घेऊन येते

मराठी घरातले सहा वर्षांचे मूल ‘घोडाला’ म्हणत नाही, ‘घोड्याला’ म्हणते. दगड–दगडाला, वीट–विटेला, भिंत–भिंतीला, पाणी–पाण्यात ही रूपे त्याला कोणी शिकवलेली नसतात. ‘रामने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे त्याला काही वर्षांनी कळेल, पण त्या रचनेत ते चुकत नाही. आई हाक मारते आणि मूल जागचे न हलता ‘आलो, आलो’ म्हणते. रूप भूतकाळाचे, क्रिया अजून व्हायची. काळाचे रूप आणि प्रत्यक्ष वेळ या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही.

म्हणून या वयात व्याकरण शिकवायचे ते मुलाच्या तोंडी असलेल्या भाषेकडे त्याचे लक्ष वेधण्यासाठी. संज्ञा शेवटी आली तरी चालते. अनेक वर्गांत मात्र क्रम उलटा असतो : आधी व्याख्या फळ्यावर, मग ती वहीत, मग पाठ, आणि वेळ उरला तर उदाहरणे.

अध्यापनाच्या रीती

अध्यापक विद्यालयांत या दोन क्रमांना अवगामी आणि उद्गामी पद्धती म्हणतात. अवगामी पद्धतीत नियमाकडून उदाहरणाकडे जायचे, उद्गामी पद्धतीत उदाहरणांतून नियम काढायचा. लहान मुलांसाठी उद्गामी पद्धत बरी, हे प्रशिक्षणात सर्वांना शिकवलेले असते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते या विचाराचा, बोलबाला झाला आणि तिला नवे बळ मिळाले. तरी तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, पट मोठा आणि शिक्षक एकटाच दोन इयत्ता सांभाळणारा असेल, तर व्याख्या लिहून देणे सोपे पडते. हा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारता येत नाही.

वचनाचा पाठ उद्गामी रीतीने असा घेता येतो. मुलांकडून वर्गातल्या आणि घरातल्या वस्तूंची नावे मागवून फळ्यावर लिहायची : रस्ता, घर, नदी, वीट, भिंत, उंदीर, केळे. समोर ‘अनेक’चे रूप त्यांनीच सांगायचे. रस्ते, घरे, नद्या, विटा, भिंती, केळी अशी रूपे भराभर येतात आणि उंदरापाशी गाडी अडते. ‘एक उंदीर पळाला, दोन उंदीर पळाले’ असे वाक्य केले की नाम बदलले नाही, क्रियापदाने वचन सांगितले, हे मुलेच सांगतात. मग सारखे बदलणारे शब्द एकत्र लावायचे. आकारान्त पुल्लिंगी नामाचे एकारान्त होते (घोडा–घोडे), ईकारान्त स्त्रीलिंगी नामाला ‘या’ लागतो (नदी–नद्या), अकारान्त नपुंसकलिंगीचा ‘ए’ होतो (घर–घरे), हे नियम असे हाती लागतात. वीट–विटा पण भिंत–भिंती का, याला मुलांना देण्याजोगा नियम नाही. तिथे ‘रूढी’ असे सरळ सांगावे; बनावट कारण देऊ नये.

लिंगासाठी तो, ती, ते लावून पाहणे ही जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. तो दगड, ती वीट, ते घर. निर्जीव वस्तूंचे लिंग अर्थावरून ठरत नाही, हे मुलांना इथेच कळते. वेळ, बाग, ढेकर अशा शब्दांना दोन्ही लिंगे चालतात. वर्गात ‘तो बाग’ आणि ‘ती बाग’ असे दोन तट पडले, तर वाद मिटवण्याची घाई करू नये. कोणाच्या घरी काय म्हणतात याची यादी करणे हाच त्या दिवसाचा पाठ होऊ शकतो.

खेळांपैकी ‘नाव-गाव-फळ-फूल’ नामांच्या ओळखीला फार उपयोगी, कारण त्यात विशेषनाम आणि सामान्यनाम हा भेद आपोआप येतो. शब्दडोंगर जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत माहीत आहे. ‘मुलगी’ या एका शब्दापासून सुरुवात करून दर ओळीला एक शब्द वाढवत ‘लहान मुलगी अंगणात लाल चेंडू खेळते’ इथपर्यंत जायचे. कोणता शब्द कुठे बसला, कोणता काढला तर वाक्य उभे राहते आणि कोणता काढला तर कोसळते, हे विचारले की विशेषण आणि क्रियापद यांतला फरक समजतो. शब्दपट्ट्या मुलांच्या हातात देऊन त्यांनाच रांगेत उभे करण्याचा प्रकारही असाच, फक्त त्यात गोंगाट जास्त.

व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारते का, या प्रश्नावर इंग्रजीत बरेच संशोधन झाले आहे. यॉर्क विद्यापीठात २००४ मध्ये झालेल्या आढाव्यात, पाच ते सोळा वर्षांच्या मुलांच्या लेखनाला वाक्यविचाराच्या औपचारिक शिक्षणाचा लाभ होतो याचा फारसा पुरावा मिळाला नाही. छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा मात्र उपयोग दिसला. मराठी वर्गात हा सराव ‘आणि, पण, म्हणून, कारण’ या चार शब्दांवर सुरू करता येतो. ‘पाऊस आला. शाळा सुटली.’ या दोन वाक्यांत प्रत्येक शब्द घालून पाहिला की अर्थ कसा फिरतो, यावर मुले तासभर बोलतात. उभयान्वयी अव्यय हे लांबलचक नाव त्यानंतर सांगितले तरी बिघडत नाही.

व्याख्यांची अडचण

‘क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद’ ही व्याख्या पाठ केलेले मूल ‘पळापळ’ या शब्दाखाली क्रियापद म्हणून रेघ ओढते, आणि ‘आहे’ला सोडून देते, कारण त्यात कोणी काही करताना दिसत नाही. व्याख्येप्रमाणे ते चुकलेले नसते. वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द, असा धागा दिला तर दोन्ही ठिकाणी निभावते. शब्दाची जात शब्दावर शिक्का मारल्यासारखी कायमची नसते, ती वाक्यात ठरते, हेही लवकर दाखवावे. ‘ते आले’ मधले ‘ते’ सर्वनाम, ‘ते घर’ मधले विशेषणाचे काम करणारे. ‘वर बघ’ मधले ‘वर’ क्रियाविशेषण, ‘झाडावर’ मधले शब्दयोगी. सुट्या शब्दांच्या याद्या देऊन जात ओळखायला लावणारे स्वाध्याय म्हणूनच दिशाभूल करतात.

लेखनाचे नियम

मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार जोडले जाऊन ते अठरा झाले. नांव, कांहीं, घरांत यांवरचे अनुच्चारित अनुस्वार याच नियमांनी गेले. २००९ च्या शासननिर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा दिली आणि बाराखडीची चौदाखडी झाली.

प्राथमिक शाळेत यांतले मोजकेच नियम लागतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ (वाटी, चाकू, कवी, गुरू), अपवाद ‘आणि’, ‘नि’. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ (वीट, फूल, मूल), आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो (विटेला, फुलाला, मुलाला). गुण, विष असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द यात बसत नाहीत. ते शब्द वाचनातून डोळ्यांच्या ओळखीचे व्हावे लागतात. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायचा : ‘मुलाना’ नव्हे, ‘मुलांना’. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचे : ‘घरासमोर’, ‘झाडाखाली’. एवढे चार नियम पाचवीपर्यंत पक्के झाले तर वहीतली लाल शाई निम्म्याने कमी होईल, असा बऱ्याच शिक्षकांचा होरा आहे. रोज एक पान उतरवून काढण्याने हस्ताक्षर वळणदार होते. नियम कळतोच असे नाही.

घरची बोली

प्रमाण मराठीतला ‘मला’ वऱ्हाडीत ‘मले’, अहिराणीत ‘माले’, मालवणीत ‘माका’ होतो. म्हणजे ‘स, ला, ते’च्या तक्त्यात यातल्या कित्येक मुलांचा स्वतःचा प्रत्ययच नसतो. अशा मुलाला ‘तू अशुद्ध बोलतोस’ असे सांगितले की ते वर्गात बोलणेच सोडते, आणि मग शिकवायला भाषा उरत नाही. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून ‘घरी असे, पुस्तकात असे’ म्हणणे हा साधा उपाय. त्यात व्याकरणही येते, कारण ‘ले’ आणि ‘ला’ एकच काम करतात हे मुलांना दिसते. बोलताना ‘असं’, ‘केलं’ आणि लिहिताना ‘असे’, ‘केले’ हा भेद तर प्रमाण बोलणाऱ्यांनाही सांगावा लागतो. पात्राच्या तोंडी बोलीतले रूप लिहायला नियमांचीही आडकाठी नाही.

परीक्षेचा प्रभाव

शिष्यवृत्ती परीक्षा दीर्घकाळ चौथीला होती. २०१६–१७ पासून ती पाचवीला घेतली जाऊ लागली. तिच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न ५० गुणांना असत. प्रश्न बहुपर्यायी असल्यामुळे तयारीची पुस्तके याद्यांनी भरलेली असतात : शेळीचे करडू, घोड्याचे शिंगरू, सिंहाचा छावा, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, आंब्यांची अढी. हे शब्द सुंदर आहेत आणि मुलांना यायलाच हवेत, पण तो शब्दसंग्रह आहे. शाळांमध्ये त्यालाच ‘व्याकरण’ म्हणण्याची पद्धत पडली आणि वाक्य कसे बनते हा मूळ प्रश्न मागे राहिला. चवड पाहिलेली नसलेले मूलही पर्याय ‘ब’ अचूक निवडू शकते.

मराठी घरची भाषा नसलेली मुले

वर सांगितलेला ‘आधी वापर, मग लक्ष’ हा क्रम मराठी घरातल्या मुलाला लागू पडतो. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी मुलाकडे हा वापरच नसतो. गोंडीत नामांचे पुल्लिंगी आणि अपुल्लिंगी असे दोन वर्ग आहेत, कोरकूत सजीव आणि निर्जीव हा भेद महत्त्वाचा. तो-ती-तेची युक्ती या मुलांच्या कामाची नाही, कारण कोणते लावायचे हेच त्यांना शिकायचे असते. त्यांना प्रत्येक नाम त्याच्या विशेषणासकट, ‘मोठा दगड, मोठी वीट, मोठे घर’ असे जोडीने शिकवावे लागते. हिंदीभाषक मुलाची अडचण निराळी : पुस्तक आणि आवाज हे शब्द ओळखीचे, पण हिंदीत दोन्ही स्त्रीलिंगी. मराठीत ‘ते पुस्तक’ आणि ‘तो आवाज’. असे शब्द आधीच वेचून ठेवलेले बरे.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. त्यामुळे अशा मुलांची संख्या शहरांतही वाढली आहे. परदेशातही हाच प्रश्न येतो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने आठवड्याच्या सुटीला मराठी शाळा भरतात. तिथल्या अनेक मुलांना आजीचे बोलणे पूर्ण समजते, पण उत्तर देताना ‘पाणीत’ आणि ‘घोडाला’ येते. त्यांच्यासाठी सामान्यरूप हाच पहिल्या वर्षाचा मुख्य पाठ ठरतो. ‘घोडा–घोड्या–घोड्याला, घोड्यावर, घोड्याचा’ अशा साखळ्या तोंडी, चालीवर आणि पुन्हापुन्हा घ्याव्या लागतात.