बॉल एकीकडे, ओढाताण दुसरीकडे

ऑस्ट्रेलियन फुटबॉल टीव्हीवर बघताना आपल्याला अर्धीच मॅच दिसते, कारण कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. मेलबर्नच्या एमसीजीवर बसून मी एकदा ठरवून दहा मिनिटं बॉलकडे बघितलंच नाही, नजर फक्त एका स्टार मिडफिल्डरवर, आणि बाप रे, एक जण त्याला गोचिडासारखा चिकटलेला! दंडात दंड अडकवतोय, जर्सीची कड मुठीत धरतोय, हळूच बरगडीत कोपर, आणि बॉल जवळ आला की दोन्ही हात वर, मी कुठे काय केलं!

हा टॅगर. स्टारच्या मागे सावलीसारखं फिरणं नियमात बसतं आणि ती कलाच आहे असं मला वाटतं, पण बॉल नसलेल्या माणसाला धरणं हा सरळ फाउल, त्याला फ्री किक. आपल्या कबड्डीत पकड हाच खेळ, इथे नाही.

एवढ्याशा ओढाताणीने काय होतं? सेकंदाला 7 मीटर पळणाऱ्या माणसाला अर्धा सेकंद उशीर झाला तर तो साडेतीन मीटर मागे पडला, आणि तिकडे बॉल कोणाचा हे हातभर अंतरावर ठरतं.

म्हणून ओरड होते की अंपायरनी कडक व्हावं. व्हावंच, पण आधी दिसायला तर पाहिजे ना. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच भाग, म्हणजे 2 अंशांच्या आसपास, आपल्याला एकदम स्पष्ट दिसतो. 40 मीटरवर हे 2 अंश म्हणजे जेमतेम 1.4 मीटर रुंदी, आणि ग्राउंड आहे सुमारे 160 मीटर लांब, त्यात 36 प्लेयर. डोळ्याच्या कडेला मोठी हालचाल कळते, पण बोटं जर्सीत अडकलीयेत का ते नाही कळत, त्यात दोघं खेटून असले की मेंदू त्यांची सरमिसळच करून टाकतो.

आणि लक्ष हा तर वेगळाच घोळ. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी लोकांना व्हिडिओतले बास्केटबॉलचे पास मोजायला लावले, मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं, आणि जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. अंपायरही बॉलच मोजत असतो. (ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम प्लेयरचा पुरस्कार, त्याची मतं हेच अंपायर देतात आणि ते बहुतेक वेळा मिडफिल्डरलाच जातं, यात मला तरी नवल वाटत नाही.)

2023 पासून मैदानात तीनऐवजी चार फील्ड अंपायर असतात. माझं म्हणणं, त्यातल्या एकाला बॉलकडे बघायचंच नाही असं काम द्या, कारण मोठ्या शिक्षेपेक्षा आपण पकडले जाणारच ही भीती माणसाला जास्त आवरते. नुसतं कडक व्हा सांगितलं तर दोन आठवडे शिट्ट्या वाजतील आणि मग जैसे थे.

माझ्या त्या दहा मिनिटांत शिट्टी एकदाच वाजली. स्टारने वैतागून त्या टॅगरला जोरात ढकललं, ते मात्र लांबूनही दिसलं, फ्री किक टॅगरला.